आमच्या चौकात येऊ घातलेलं शिल्प – तुमचं मत हवंय

मुठाकाठची (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

कोथरूड बाजूला आमचा एक चौक आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण कुणाला अडचणीत आणायचं नाहीये. पाच रस्ते येतात, मधे तिकोनी बेट, बेटावर एक जुना करंज, त्याच्या पारावर सकाळी पेपरवाले काका गठ्ठे सोडून बसतात आणि शेजारी फुलवाल्या मावशी. मी शाळेत होते तेव्हापासून मावशी तिथेच आहेत, आईच्या हळदीकुंकवाचे गजरे त्यांच्याकडूनच यायचे.

तर गेल्या आठवड्यात आसपासच्या सोसायट्यांची बैठक झाली आणि तिथे कळलं की ह्या बेटावर आधुनिक शिल्प बसवायचं चाललंय. कॉम्प्युटरवर केलेली चित्रं दाखवली. पाच पोलादी पत्रे, उभे, खाली रुंद वर निमुळते, वरच्या टोकाला एकमेकांकडे कललेले, उंची २२ फूट, रंग गंजासारखा तांबूस, आणि विषय नदी. पैसे एक खाजगी देणगीदार देणार, जागा सार्वजनिक. शिल्पकार तरुण मुलगा आहे, पुण्यातलाच, दोन मिनिटं बोलला आणि चांगलं बोलला.

खरं सांगते, मला ते चित्र आवडलं. मुठा आपल्या गावातून वाहते आणि आपण पुलावरून जाताना तिच्याकडे बघतही नाही, तर निदान चौकात तरी कुणीतरी तिची आठवण काढतंय ह्याचं बरं वाटलं. पण सगळं सात-आठ मिनिटांत उरकलं, प्रश्न विचारायला वेळच नाही, आणि घरी आल्यावर परत फोटो बघितला तेव्हा लक्षात आलं की चित्रात करंज नाहीये. मावशी नाहीयेत. पारही नाही. नुसती गुळगुळीत राखाडी फरशी आणि त्यावरून चालणारी चार पारदर्शक माणसं.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मला शिल्प हवंय आणि चौकही हवाय. तुम्ही काय म्हणता?

पेन्शनर काका (सोमवार, रात्री ११:०५)

ताई, धागा चांगला काढलात. मी स्पष्ट लिहितो, मला असली शिल्पं समजत नाहीत आणि ती चौकात नकोत.

मी चौथीत असताना वडिलांनी सायकलच्या दांडीवर बसवून शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा दाखवायला नेलं होतं. नानासाहेब करमरकरांनी केलेला, १९२८ सालचा. आम्ही नुसते उभे राहून बघत होतो. वडील काही बोलले नाहीत, मीही नाही. घोडा आत्ता पुढे निघेल असं वाटत होतं आणि मी वडिलांचा हात घट्ट धरला होता. मला तेव्हा कुणी अर्थ समजावून सांगायला लागला नव्हता. आता तुम्ही सांगा, पाच गंजके पत्रे बघून कुठलं पोर बापाचा हात धरणार आहे? पुतळा करायचा तर एखाद्या थोर माणसाचा करा, नाहीतर झाड आहे ते राहू द्या, झाडासारखं शिल्प नाही.

तांदळा (सोमवार, रात्री ११:४८)

काका, तुमचा करमरकरांच्या पुतळ्याचा प्रसंग वाचून खरंच छान वाटलं, मीही तो पुतळा बघितलाय आणि तुम्ही म्हणता तसंच होतं.

पण चेहरा नसला तर माणसाला कळत नाही हे मला पटत नाही. माझं आजोळ भोर तालुक्यात. गावाच्या शिवेवर म्हसोबा, तो काय आहे, शेंदूर फासलेला एक दगड. देवीचा तांदळा, त्याला ना नाक ना डोळे, आणि आजी त्याच्यापुढे जशी उभी राहायची तशी ती कुठल्याही संगमरवरी मूर्तीपुढे उभी राहिलेली मी बघितली नाही. आपल्या लोकांना बिनचेहऱ्याच्या दगडाशी नातं जोडायची सवय पिढ्यानपिढ्या आहे. फरक एवढाच की त्या दगडाजवळ जाता येतं, त्याला हात लावता येतो, त्याच्या कडेला बसून डबा खाता येतो. म्हणून मी ताईंना विचारीन की ह्या पत्र्यांच्या जवळ जाता येणार आहे का, की कडेने साखळ्या लावून 'हात लावू नये' अशी पाटी येणार?

कोर्टरोड (मंगळवार, सकाळी ८:२०)

कायद्याची बाजू थोडक्यात टाकतो कारण काकांनी थोर माणसाच्या पुतळ्याचं लिहिलंय.

सुप्रीम कोर्टाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. सार्वजनिक रस्ते, फुटपाथ, रस्त्याच्या कडा आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर कुठलाही पुतळा किंवा बांधकाम उभारायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये असं त्यात सांगितलंय. त्यातून दिवे, वाहतुकीसाठीची कामं, रस्त्यांचं सुशोभीकरण आणि लोकोपयोगी सोयी वगळल्यात. म्हणजे चौकातल्या बेटावर नव्याने व्यक्तीचा पुतळा ही वाट तशी बंदच आहे, आणि असं अमूर्त शिल्प आलं तर ते सुशोभीकरणाच्या दारातून येणार. पण आदेशाचा सगळा रोख रस्ता लोकांना मोकळा मिळावा ह्यावर आहे. तेव्हा 'सुशोभीकरण' ह्या शब्दाखाली चालणाऱ्यांचा रस्ता अडला किंवा गाड्यांना समोरचं दिसेनासं झालं तर तिथे बोट ठेवता येतं. ताई, नकाशा मागा. कॉम्प्युटरवरचं चित्र चालत नाही, मापांसकटचा आराखडा हवा. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

लोखंडकाम भोसरी (मंगळवार, दुपारी १:३५)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुका माफ.

मी फॅब्रिकेशनमधे २६ वर्षं आहे. तांबूस गंजासारखा रंग म्हणजे ते कॉर्टेन असणार. ह्या पोलादात थोडं तांबं, क्रोमियम, निकेल असतं, त्यामुळे वरचा गंज भुसभुशीत होऊन पापुद्रे न सुटता घट्ट बसतो आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो, रंग द्यायला लागत नाही, म्हणून शिल्पवाल्यांना आवडतं. चांगला माल आहे, मी त्याच्या विरोधात नाही.

पण त्याला भिजणं आणि सुकणं दोन्ही लागतं. सतत ओलं राहिलं तर तो थर बसतच नाही आणि पत्रा खात जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर करंजाखाली पाला पडणार, पत्र्याच्या बुडाशी कुजणार, तिथे ओल चार महिने हटणार नाही. मी बघितलंय ना, पत्रा वरून ठणठणीत असतो आणि जमिनीलगत चार बोटं चाळणी झालेली असते. म्हणून बूड जमिनीच्या वर उचललेलं पाहिजे, खाली पाणी निघून जायला उतार पाहिजे, पाला झाडता येईल एवढी फट पाहिजे.

दुसरं, पहिले दोन-तीन पावसाळे तांबडं पाणी उतरतं. खाली हलक्या रंगाची फरशी घातली तर तिच्यावर असे ओघळ पडतात की घासून जात नाहीत. मावशी तिथे बसणार असतील तर त्यांच्या साडीचा आणि फुलांचा विचार करा, मोगऱ्यावर एक थेंब पडला तरी ती पाटी फुकट.

तिसरं नटबोल्ट. जस्ताचा मुलामा दिलेले साधे बोल्ट कॉर्टेनला लावले की आधी जस्त जातं मग बोल्ट जातो. त्याच जातीच्या पोलादाचे नाहीतर स्टेनलेसचे घ्यायचे. स्वस्तात बसवायला गेलं की इथेच हात मारतात. मालवणला राजकोट किल्ल्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा खाली, नऊ महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते. त्या दिवशी आमच्या शॉपमधे कुणी जेवलं नाही नीट. वेल्डिंग करणाऱ्या माणसाला असली बातमी आपल्या हातावर बसल्यासारखी लागते. म्हणून सांगतो, २२ फुटाचा पत्रा वारा अंगावर घेतो, पाया कोण काढणार, त्यावर सही कोणाची, हे आधी विचारा, सुंदर आहे का नाही ते नंतर.

मुठाकाठची (मंगळवार, संध्याकाळी ७:०२)

लोखंडकामदादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय. मोगऱ्याचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कोर्टरोड, अर्ज आजच दिला, पोच घेतली.

लेकसाइड (मंगळवार, रात्री ११:५५)

मूळची सदाशिव पेठेतली, बरीच वर्षं शिकागोला आहे, त्यामुळे ह्या धाग्यावर न लिहून राहवेना.

आमच्याकडे डेली प्लाझामधे पिकासोचं शिल्प आहे, १९६७ सालचं, ५० फूट उंच, १६२ टन, आणि तेही कॉर्टेनचंच. पिकासोने त्याचे पैसे घेतले नाहीत, शहराला भेट दिलं. पण लागलं तेव्हा लोक भयंकर चिडले होते, हे काय आहे, बाई आहे का कुत्रा आहे का माकड, एका नगरसेवकाने तर ते काढून तिथे बेसबॉल खेळाडूचा पुतळा बसवा असा ठराव मांडला होता. आज दुपारी तिथून जाताना बघितलं तर दोन पोरं त्याच्या बुडाच्या उतारावरून घसरगुंडी करत होती आणि आई कडेला कॉफी पीत उभी. शिल्प कळलं म्हणून लोकांनी आपलं केलं असं मला वाटत नाही. त्याच्याभोवती मोकळी जागा आहे, बाजार भरतो, निदर्शनं होतात, आणि त्याच्यावर चढता येतं.

आता ह्याच्या उलट. न्यूयॉर्कमधे फेडरल प्लाझाला रिचर्ड सेराने १९८१ मधे एक पोलादी भिंत उभी केली, १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली, सलग. माल तोच कॉर्टेन. ऑफिसात जाणाऱ्या लोकांना रोज तिला वळसा घालायला लागायचा. १९८५ मधे जाहीर सुनावणी झाली, १८० लोक बोलले, त्यातले १२२ ठेवा म्हणाले आणि ५८ काढा म्हणाले, तरी समितीने ४ विरुद्ध १ असा कौल काढण्याच्या बाजूने दिला. सेरा कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं की हे ह्याच जागेसाठी केलंय, इथून हलवलं की ते शिल्पच राहत नाही. शेवटी मार्च १९८९ मधे रात्री तुकडे करून नेलं.

मला दोन्ही बाजूंचं दुःख कळतं. शिल्पकाराचा तर जीवच गेला असणार. पण रोज सकाळी हातात डबा घेऊन तिथून जाणाऱ्या माणसाला आधी कुणी विचारलं होतं का? भांडण सगळं नंतर झालं, आठ वर्षं. ताई, तुमच्याकडे अजून काहीच उभं राहिलेलं नाहीये, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

कसबेकर (बुधवार, सकाळी ९:१४)

वाचतोय. शिकागोचा प्रतिसाद आवडला, पण आपण इतक्या लांब का जावं.

जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर आहे, आठव्या शतकातलं, सगळं एका काळ्या पाषाणात कोरलेलं. अंगणातला नंदीचा गोल मंडप आठवा, जाड चौकोनी खांब आणि वर छत्रीसारखं गोल दगडी छत. उन्हातून त्याच्या सावलीत शिरलं की आवाजसुद्धा बदलतो, रस्त्यावरच्या रिक्षा लांब गेल्यासारख्या वाटतात. लहान असताना आम्ही त्याच्या खांबांभोवती शिवाशिवी खेळायचो. माझ्या लेखी पुण्यातलं सगळ्यात चांगलं शिल्प ते, आणि त्यात माणसाला आत घेतलंय. शांतिनिकेतनला रामकिंकर बैज यांचं संथाळ कुटुंब बघून आलो होतो, १९३८ चं, सिमेंट आणि तांबडी खडी मिसळून केलेलं, ते कुटुंब सामानसुमान आणि कुत्रं घेऊन निघालंय आणि आपण त्यांच्या बाजूने चालतोय इतकं जवळ. उंच चौथरा नाही.

म्हणून माझी सूचना अशी की पोलादच का? आमच्या तांबट आळीत आजही ठोके ऐकू येतात, पेशवाईपासून वसलेली आळी आहे, तांब्यावर एकेक ठोका शेजारी शेजारी मारून जी चमक आणतात त्याला मठारकाम म्हणतात. नदीचं पाणी दाखवायचं तर मठारलेल्या तांब्याइतकं पाण्यासारखं दुसरं काही नाही, सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक ठोक्यात वेगळा उजेड असतो. ते हात अजून आहेत, त्यांना एवढं मोठं काम मिळालं तर पुढची पोरं त्यात थांबतील.

लोखंडकाम भोसरी (बुधवार, दुपारी १:४०)

कसबेकर, मनापासून सहमत, पण चौकात उघड्यावर तांबं ठेवलं तर महिन्यात चोरीला जाईल, वायरसुद्धा सोडत नाहीत. माणसाचा हात पोचतो त्याच्या वर तांबं लावलं तर जमेल, आणि तांबं पोलादाला थेट टेकवायचं नाही, मधे काहीतरी पॅकिंग द्यायचं, नाहीतर ओलीत पोलाद खाल्लं जातं.

स्टिअरिंग (बुधवार, रात्री ९:३०)

मी बस चालवतो, रूट सांगत नाही पण ताईंचा चौक मला वर्णनावरून कळलाय असं वाटतं.

त्या बेटाला वळसा घालताना आत्तासुद्धा करंजाचं खोड क्षणभर आडवं येतं, तेवढं चालतं, खोड दीड-दोन फूट. पण पाच पत्रे खाली रुंद म्हणताय, ते एकामागे एक आले की माझ्या सीटवरून ती भिंतच होणार. सकाळी सव्वासात ते पावणेआठ शाळेची पोरं तिथूनच क्रॉस करतात, दप्तर पाठीवर, मान खाली, पळत. मला शिल्पाबद्दल कळत नाही, माझ्या मुलीला चित्रकलेची आवड आहे आणि चौकात असं काही आलं तर तिला मी दाखवायला आणीन. पण ती पोरं मला दिसली पाहिजेत. रात्री झोपताना मी दिवसभरातली वळणं आठवतो, त्यात हे वळण नेहमी असतं.

मुंबई पुणे मुंबई (बुधवार, रात्री १०:१०)

स्टिअरिंगदादांना +१.

ज्यांना वाटतं की आपल्याकडे लोक असलं काही स्वीकारत नाहीत त्यांच्यासाठी. काळा घोडा घ्या. एडवर्ड राजाचा मूळ पुतळा १९६५ मधे तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे, आणि मधली पन्नास वर्षं घोडा नसूनही सगळे त्या भागाला काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मधे तिथे नवा घोडा बसवला तो बिनस्वाराचा. राजा गेला, घोडा तेवढा परत आला, आणि लोक फोटो काढतात. केरळमधे मलमपुळाला कानायी कुंजिरामन यांची यक्षी आहे, १९६९ ची, तेव्हा केवढा विरोध झाला होता, आज लोक तिलाच बघायला जातात.

एक मात्र लिहून घ्या, चौक बदलला तर शिल्पाचं काय? विद्यापीठ चौकातला पूल २०२० मधे पाडला, चांदणी चौकातला २०२२ मधे स्फोटाने उडवला. आपले चौक वीस वर्षं एका जागी राहत नाहीत. उद्या तिथे मेट्रोचा खांब आला तर शिल्प नीट उचलून कुठे ठेवायचं आणि खर्च कुणी करायचा, हे आजच करारात हवं.

मांडववाला (गुरुवार, रात्री १२:३५)

सगळे प्रतिसाद वाचले. मी मंडळाचं मांडवाचं काम करतो, वडिलांच्या हाताखाली शिकलो, तीस वर्षं झाली. मला एक साधी गोष्ट सुचते.

गणपतीत २५ फुटी मांडव आम्ही एका रात्रीत उभा करतो, वासे, काथ्या आणि कापड, खड्डासुद्धा घेत नाही आता, पिंपात वाळू भरून त्यात वासा रोवतो. मग ह्या शिल्पाचा पूर्ण मापाचा सांगाडा बांबूचा करायला असं कितीसं लागणार आहे? चित्रात काहीही छानच दिसतं. आमच्या मंडळात तर नियम आहे, कागदावर कितीही सुंदर असू दे, गल्लीत वासा उभा केल्याशिवाय देखावा ठरवायचा नाही. एकदा कागदावर बघून ठरवलं होतं तर शेजारच्या आजींच्या खिडकीचा उजेडच गेला, दहा दिवस त्या दिवा लावून बसल्या, बोलल्या काही नाहीत, पण वडिलांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

आराखडा मिळाला की मला पाठवा. वासे माझे, मजुरी नको. चौकीत सांगून रविवारी सकाळी दोन-तीन तास घ्या. स्टिअरिंगदादांनी बस घेऊन यावं, लोखंडकामदादांनी यावं, आणि तो शिल्पकार मुलगा आलाच पाहिजे, त्याचं काम आहे ते.

लेकसाइड (गुरुवार, सकाळी ६:२०)

मांडववालादादा, अंगावर काटा आला वाचताना. हे करा, नक्की करा.

तांदळा (गुरुवार, सकाळी ९:००)

अनुमोदन. मी येतेय भोरहून.

मुठाकाठची (शुक्रवार, रात्री ८:४५)

आराखडा मिळाला. शिल्पकाराला फोन केला, मला धाकधूक होती की तो रागावेल, तर तो म्हणाला मलाच हे करायचं होतं पण पैसे नाहीत म्हणून जमलं नाही. चौकीतल्या साहेबांनी रविवारी ६ ते ९ असं सांगितलंय, बस थांबणार नाही आणि रस्ता अडणार नाही ह्या अटीवर. ज्यांना जमेल त्यांनी या. मी चहा आणते.

मुठाकाठची (रविवार, दुपारी ३:१०)

पाय भरून आलेत पण आत्ताच लिहिते नाहीतर विसरेन.

साडेपाचलाच टेम्पो आला. मांडववालादादा आणि त्यांचे दोन पुतणे. आधी आराखडा बघून जमिनीवर चुन्याची फक्की मारली, पाची पत्र्यांची बुडं जिथे येणार तिथे. तिथेच पहिला धक्का. कागदावर दोन पत्र्यांमधली वाट छान मोकळी दिसत होती, फक्कीत मोजली तर अडीच फूट. मावशींना सांगितलं जरा ह्यातून चालून बघा, त्या डोक्यावर फुलांची पाटी घेऊन निघाल्या आणि वरचे वासे कलते बांधल्यावर पाटी अडकली. त्या थांबल्या, पाटी उतरवली, कमरेवर घेतली आणि आडव्या होऊन बाहेर आल्या. कुणीच काही बोललं नाही. शिल्पकार मुलगा बघत होता, त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

मग तिसरा पत्रा. तो करंजाच्या मोठ्या फांदीत जात होता, आराखड्यात झाड आहे पण फांदी नाही, नुसतं एक गोल. फांदी छाटायची का असं एकाने विचारलं तर पेपरवाले काका पारावरून उठून उभेच राहिले.

सव्वासातला स्टिअरिंगदादा सुट्टी असून आले, बस नव्हती, मित्राचा टेम्पो घेऊन आले आणि उशी ठेवून बसच्या सीटच्या उंचीवर बसले. वासे जुन्या मांडवाच्या हिरव्या कापडाने झाकलेले होते. माझ्या भाचीला आम्ही कडेने चालायला लावलं. तिसऱ्या आणि चौथ्या पत्र्यामागे ती गेली आणि दादांनी मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, साडेतीनला ती बाहेर आली. दादा खाली उतरले आणि म्हणाले, मी ताशी वीसने येत होतो.

ह्यानंतर जे झालं ते मला फार आवडलं. शिल्पकार मुलाने स्वतःच चौथ्या वाशाला हात घातला, म्हणाला हा काढा. काढला. मग तिसरा करंजापासून चार फूट लांब नेला आणि थोडा फिरवला, म्हणजे रस्त्याला त्याची कड दिसेल, अंग नाही. परत भाचीला चालवलं, आता ती पूर्णवेळ दिसत होती. आणि काय सांगू, चारच पत्र्यांनी ते जास्त नदीसारखं दिसायला लागलं, कारण मधे जो मोठा मोकळा पट्टा पडला त्यातून लोक आपोआप चालायला लागले. सकाळी फिरायला आलेले, दूधवाले, देवळात जाणाऱ्या बायका, कुणीही न सांगता त्या पट्ट्यातूनच जात होते, आणि लांबून बघितलं की दोन्ही काठ आणि मधून माणसं वाहताहेत. मुलगा पारावर बसून भराभर रेखाटत होता, त्याचा चहा तसाच गार झाला.

लोखंडकामदादांनी बुडाचं सगळं त्याला समजावलं, जमिनीपासून चार इंच उचलायचं, खाली काळी फरशी, ओघळ दिसणार नाहीत आणि पाणी मागच्या गटाराकडे. तिथे एक ड्रेनेजचं चेंबर निघालं जे आराखड्यात नव्हतं, बरोब्बर पहिल्या पत्र्याखाली, तेही हलवायला लागणार. आणि कसबेकर, तुमची तांब्याची कल्पना मी सांगितली, त्याने तांबट आळीत कधी जाता येईल विचारलंय. वरच्या चार-पाच फुटांत आतल्या बाजूने मठारलेलं तांबं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आलंय, माझा नंबर दिलाय त्याला, तुम्हाला निरोप करीन.

मावशींना मी विचारलं, तुम्हाला कुठे बसायला आवडेल. त्या उठून दुसऱ्या वाशाजवळ गेल्या, ऊन कुठून येतंय ते बघितलं आणि म्हणाल्या, दहानंतर इथं सावली पडंल, आत्ता जिथं बसते तिथं पडत नाय. मुलाने ती जागा आराखड्यावर पेन्सिलने केली आणि तिथे 'फुलं' असं लिहिलं. आता ते मापात आहे, रुंदी साडेचार फूट.

गुरुवारी संध्याकाळी सहाला बदललेला आराखडा घेऊन परत बैठक आहे. पायावर सही कोणाची आणि चौक बदलला तर शिल्प कुठे जाणार, हे दोन प्रश्न लेखी दिलेत. दोन्हीची उत्तरं अजून नाहीत, आणि ती आल्याशिवाय मी तरी हो म्हणणार नाही. नऊ वाजता वासे उतरवले, फक्त दुसरा राहिलाय, मावशींनी काढू दिला नाही, संध्याकाळी येऊन न्या म्हणाल्या, त्याला त्यांनी गजऱ्यांची दोरी बांधली होती.

स्टिअरिंग (रविवार, संध्याकाळी ५:२५)

भाचीला माझ्याकडून चॉकलेट. गुरुवारी सहाला माझी ड्यूटी आहे, पण वळण आता बरोबर आहे हे माझ्या नावाने बैठकीत सांगा.

पेन्शनर काका (रविवार, रात्री ९:५०)

ताई, मी सकाळी आलो होतो, समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभा होतो, पुढे आलो नाही. मला अजूनही अर्थ लागलेला नाही, ते मी खोटं बोलणार नाही. पण त्या मधल्या पट्ट्यातून एक लहान मुलगा आजोबांचा हात धरून गेला आणि वर बघत बघत गेला, ते मी बघितलं.

गुरुवारी येतो. फरशी काळी म्हणजे कुठली ते विचारून ठेवा, पॉलिश केलेली नको, पावसात आमच्यासारखे घसरतात. टाकीने ठोकलेली घ्या.